चौदा लाल स्टिकर

अल् घुब्रा, मस्कत
१२ ऑक्टोबर २००२

प्रिय अमीरुन्निसा आपा,

धाकट्या बहिणीचा अदबीने सलाम. तुझे गुडघे जिना चढू देतात की नाही, दूल्हाभाईंची साखर खरंच उतरली की ते नुसतं तसं सांगतात, आणि अफशाच्या निकाहची तयारी कुठवर आली, ते सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे अल्लाच्या मेहरबानीने खुशाल आहोत, म्हणजे सुफियान आणि त्याचे अब्बा आहेत. मी नाही. हे फोनवरच सांगितलं असतं, पण कार्डाची मिनिटं तुझ्या गुडघ्यांतच संपतात आणि माझ्या रागाला निदान चार पानं लागतात.

झालं असं. सुफियानचे अब्बा, म्हणजे तुझे लाडके सिराजमियाँ, कंपनीत काय करतात ते तुला ठाऊक आहे. इमारत बांधून झाली की मालकाच्या ताब्यात देण्याआधी हे खोल्याखोल्यांतून फिरतात. कुठे रंग राहिला, कुठे दार घासतं ते बघतात आणि तिथे नंबर घालून लाल स्टिकर चिकटवतात. काम पुरं झालं की स्टिकर काढतात. (वीस वर्षं लोकांच्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस माझ्या नशिबी आला, यात अम्मीचा दोष जास्त. 'मुलगा बारकाईने बघतो' हे तिनेच कौतुकाने सांगितलं होतं.) तर मागच्या शुक्रवारी हे जुम्म्याची नमाज पढून आले, पोटभर जेवले, आणि मी शेजारच्या नयनाकडे गेले असताना माझ्याच घरातून, माझ्याच वस्तूंना चौदा लाल स्टिकर लावत फिरले.

आपा, चौदा. इथल्या मत्रा बंदराच्या चित्राला एक, कारण त्यात समुद्र यायचा राहिलाय. (तीनदा जाऊन बघून आले, तिन्ही वेळा पाणी वेगळ्या निळ्या रंगाचं होतं. प्रामाणिक माणूस थांबणारच.) खजुरीच्या झावळ्यांच्या टोपलीला एक, तिचा फक्त तळ झालाय. उजवा पडदा शिवून टांगलाय आणि डावा कपाटात आहे, म्हणून खिडकीला एक. वाजवायच्या कॅसिओला एक, केकवरच्या नक्षीच्या नळ्यांच्या डब्याला एक, अरबीच्या वहीला एकोणिसाव्या पानावर एक. गाडी शिकण्याच्या फायलीलासुद्धा एक. आता सांग, तिसऱ्यांदाही नापास मला परीक्षा घेणाऱ्या पोलिसांनी केलं, त्यात मी अर्धवट काय सोडलं? आणि सुफियान दुसरीत असताना त्याच्यासाठी घातलेल्या एका बाहीच्या स्वेटरला एक. मस्कतमध्ये स्वेटर कशाला, असं तू विचारशील. हेही तेच विचारतात.

आणि एक नंबर कुठे लावला असेल? अफशाच्या ओढणीवर. पोरगी दहावीत होती तेव्हा मीच बोलून बसले होते की तुझ्या निकाहला डोक्यावर खालाच्या हातची ओढणी येईल, काठाला जरीची बत्तीस फुलं. आता ती बी.एस्सी. झाली आणि फुलं झालीत अकरा. तिने तुला दुसरी ओढणी घेऊच दिली नाही हे कळल्यापासून मला घास गोड लागत नाही. ईदनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पोरगी निकाहला बसेल, तेव्हा तिच्या डोक्यावर काय असेल, याची मला लाज वाटते, खरीखुरी लाज. पण ती कुणी न सांगताही वाटते. त्याला लाल स्टिकर कशाला?

मी शांतपणे (हसू नकोस) विचारलं, हा काय प्रकार आहे? तर म्हणाले, "गुलबानू, एवढे आयटम ओपन आहेत. एकेक क्लोज करू. खलास झाला की स्टिकर काढू." म्हटलं, दाभोळच्या आपल्या घराच्या गच्चीवर लोखंडी सळ्या आठ वर्षं आभाळाकडे बघत उभ्या आहेत, त्यांवरचा मजला कुठाय? तर म्हणतात, "तो फेज टू आहे." बघ आपा. माझी टोपली अर्धवट, आणि ह्यांचा अख्खा मजला फेज टू.

इथवर मी सोसलं असतं. पण मंगळवारी बघते तर खिडकीचा स्टिकर गायब आणि डावा पडदा टांगलेला. खालच्या हुसैनमियाँ टेलरकडून ह्यांनी परस्पर शिवून आणला. बुधवारी स्वेटरला दुसरी बाही आली, ती नयनाने विणली. (माझी मैत्रीण म्हणवते.) तिने माप सुफियानच्या आजच्या हाताचं घेतलं, त्यामुळे आता त्या स्वेटरला एक हात दुसरीतला आहे आणि एक आठवीतला. सुफियान बघून 'मम्मा, सो फनी' म्हणाला, त्यालाही मी सोडला नाही. हौस काय कुणी काँट्रॅक्टवर देतं? सकाळी सातला दोघं बाहेर पडतात. मग ह्या बंद फ्लॅटमध्ये एसीची घरघर आणि मी. समुद्र राहिलाय, टोपली राहिलीय, म्हणून मला दुपारी काहीतरी असतं. हे सगळं पुरं करून टाकलं तर मी काय भिंतीकडे बघत बसू? हे ह्यांना कळत नाही, आणि सांगायला गेलं की हे घड्याळ बघतात.

म्हणून परवा मी ओढणी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या पिंपात पुरून ठेवली आहे. तिथे ह्यांचा हात पोचणार नाही, कारण चौदा वर्षांच्या संसारात तांदूळ कुठे असतो हे ह्यांनी विचारलेलं नाही. जाईल तर माझ्या हातची जाईल, हुसैनमियाँच्या नाही. पण आपा, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. एकवीस फुलं राहिलीत आणि सुई हातात घेतली की आधी तो स्टिकर डोळ्यांपुढे येतो. म्हणून तुला एक विनंती आहे. अफशाला कळू न देता तू रत्नागिरीहून एक चांगली ओढणी

ता.क. – आपा, सलाम. मी सिराज. पत्र अकरा दिवस ह्याच शब्दावर थांबलं होतं, म्हणून मी पुरं करतो. आज २३ तारीख.

पिंपाचा शोध पत्राच्या दुसऱ्याच दिवशी लागला. घरात लागोपाठ तीन दिवस भात नाही, फक्त चपात्या. कोकणी माणसाला संशय येणारच. ओढणी घेऊन मी हुसैनमियाँकडे निघालो होतो, पण त्यांच्या दारातून परत फिरलो. तिने पोरीला आपल्या हातची म्हटलं होतं. पडद्याचं चुकलं माझं, हे तिथे उभं राहून समजलं. मग चार संध्याकाळी त्यांच्याकडे चिंधीवर शिकलो आणि ओढणीवर एक फूल स्वतः काढलं. वीस वर्षं फिनिशिंग तपासतोय म्हणून सांगतो, ते फूल नाही, खेकडा आहे. माझ्या हाताखालच्याने असं काम केलं असतं तर मी त्याला परत पाठवला असता.

तुमच्या बहिणीने ते बघितलं आणि एक तास मला सुनावलं. मग फूल कसं काढतात ते मला दाखवायला म्हणून बसली. सहा दिवसांत नऊ फुलं झाली. अकरा, नऊ आणि माझा खेकडा मिळून एकवीस. अकरा बाकी आहेत. ईदपर्यंत होतील, इन्शाल्ला. तुम्ही रत्नागिरीला जाऊ नका. बाकीचे स्टिकर मी काढले आहेत. समुद्राचासुद्धा.

ता.क. दुसरा – मी, गुलबानू. वरचं वाचलं. मी एक तास बोलले नव्हते, चाळीस मिनिटं बोलले. खेकडा उसवायला घेतला होता, पण टाके इतके घट्ट घातलेत की उसवायचं जीवावर आलं, राहू दिला. अफशाला सांग, ओढणी डोक्यावर घेताना ते टोक पुढे आलं पाहिजे. कुणी विचारलं तर म्हणावं, हे सिराज खालूंच्या हातचं.

आणि विनंती बदलली आहे. पाकिटात कागदाच्या घडीत एक लाल स्टिकर आहे, नंबर पंधरा. ह्यांच्या बॅगेतून काढून घेतलाय, ह्यांना माहीत नाही. दूल्हाभाईंना सांगून तो आमच्या गच्चीवरच्या सगळ्यांत पुढच्या सळीला चिकटव आणि वरून दोरा गुंडाळ, वाऱ्याने जायला नको. लग्नाला आलो की पहिल्या दिवशीचा चहा मी ह्यांना गच्चीवर नेऊन देणार आहे.