धुतलेला कोळसा

आई, आज कॉलेजात पोरांना पाण्यातलं नायट्रेट काढायला शिकवलं. उसाची चिपाडं जाळून केलेला कोळसा, त्यावर थोडं रसायन, आणि त्यातून झिरपवलेलं विहिरीचं पाणी. पोरं म्हणाली, मॅडम, हे तर फुकटात होतंय. फुकटात! तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुझ्याशी बोलल्याशिवाय घरी जाववेना.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी सांगलीला एम.एस्सी. करते, दादा लष्करात, आणि कोरेगावकडच्या आपल्या मळ्यात तू, वहिनी आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ. वहिनीला दूध पुरत नाही, म्हणून तू गाईचं दूध पाणी घालून पातळ करतेस. विहीर उसाच्या मधोमध, शेतात टाकलेला युरिया झिरपून तिच्यातच उतरलेला. मी पाणी तपासलं आणि घाबरले. असल्या पाण्यानं तान्ह्या बाळाचं रक्त बिघडतं, बाळ निळं पडतं. मग गुऱ्हाळावरची चिपाडं आणून कोळसा केला, प्रयोगशाळेत त्यावर रसायन चढवलं आणि माठात भरून दिला. मोठी शास्त्रज्ञ लागून गेले होते! तू आल्यागेल्याला सांगायचीस, "आमी लेकीचंच पानी पितो. दुसरं चालायचं न्हाई." लय मिरवायचीस गं.

पण तो कोळसा भरत जातो. भरला की त्यात काही अडकत नाही, तो टाकून नवा घालावा लागतो. तू चिंधीसुद्धा न टाकणारी बाई. दर आठवड्याला तोच कोळसा धुऊन, उन्हात वाळवून, परत माठात भरत होतीस. पाणी तर स्वच्छच दिसत होतं.

बाळाचे ओठ जांभळे पडले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. त्यात दोन दिवस गेले. एसटीडी बूथवर निरोप मिळून मी साताऱ्याच्या दवाखान्यात पोचले, तोवर बाळ गेलं होतं. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "कोळसा महिन्यानं फेकून दे म्हणून आईला बजावलं होतं. तिनं ऐकलं नाही." तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग वहिनीला म्हणालीस, "व्हय. माजंच चुकलं, पोरी." त्यानंतर तू जाईपर्यंत वहिनीनं तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तुझ्या शेवटच्या दिवशीही ती दारातच उभी राहिली.

मला स्वतःची किळस येते, आई. त्या वेळी सांगलीला परतताना मी एसटी गाठायच्या घाईत होते. तू विहिरीच्या पायरीवर कोळशाची पाटी घेऊन बसलेलीस. "आगं, ह्यो धुऊन परत घातला तर चालंल न्हवं?" चप्पल घालता घालता मी म्हणाले, "चालंल की." फेकायचं मी कधी सांगितलंच नव्हतं.

हे तुला कशाला कळवायचं, तुला ठाऊकच होतं. कळायला हवं ते वहिनीला. ती अजून तिथंच राहते, पत्ता मला तोंडपाठ आहे. तरी पत्र तुलाच लिहिलं. तू कुणाला सांगणार नाहीस.