सप्ताळूच्या झाडाची व्यवस्था

मी, मोहन आबाजी रणवरे, वय वर्षे सेहेचाळीस, शिक्षण बी.एजी., धंदा शेती, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वखुशीने लिहीत आहे. येत्या बुधवारी पुण्यास माझे अंतर्गळाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नी सौ. कुशाबाई हिचे म्हणणे असे, की ती शाबूत असती तर परसात फळे पिकत असताना मी मृत्युपत्र लिहीत बसलो नसतो. तिचे मत नोंदवून पुढे जातो.

कलम १. राहते घर, कालव्याखालची चार एकर जमीन व पोस्टातील शिल्लक सौ. कुशाबाई हिला मिळावी. तिने वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने वागावे, अशी अट घालणार होतो. पण गेली वीस वर्षे मीच तिच्या सल्ल्याने वागत आलो आहे, म्हणून अट खोडली.

कलम २. माझ्या रोजनिशीच्या तेवीस वह्या मुलगी चि. रतन हिला द्याव्यात. वाचण्याची सक्ती नाही.

कलम ३. छाटणीची कात्री शेजारी सावळाराम यांस द्यावी. ती सात वर्षे त्यांच्याकडेच आहे. त्या कात्रीने त्यांनी शेळीचे खूर कापले, याबद्दलचा माझा राग येथे संपला. पुन्हा विचार करता, बराचसा संपला.

कलम ४. परसातील सप्ताळूचे झाड, ज्याच्या फळाला पुण्यात पीच म्हणतात, माझी थोरली बहीण छबूबाई, राहणार सणसर, हिला द्यावे. याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

हे रोप मी १९४८ साली पुण्याहून आणले. आपल्या उन्हाळ्यात ते जगणार नाही असे माझे प्राध्यापक म्हणाले होते, म्हणूनच आणले. १९५२ च्या एप्रिलात पहिली एकेचाळीस फळे धरली व तांबडी झाली. आक्का तेव्हा आमच्याकडेच राहत असे. आमच्या घरी आंबा पाडाला आला की उतरवून गवताच्या आढीत पिकत घालतात. मी तेच केले. सगळी फळे एका सकाळी ओरबाडली, आढी लावली आणि आठव्या दिवशी गावातल्या दहा जणांना खायला बोलावले. आढी उघडली तेव्हा फळे सुरकुतलेली, चिवट आणि पाणचट निघाली. आक्काने मध्येच एकदा गवत उचलून पाहिले होते. मी सर्वांसमोर म्हणालो, "आक्काचा हात लागला, आढी बिघडली."

ती त्याच संध्याकाळी सणसरला सासरच्या घरी गेली. भाऊबीजेला न चुकता येते, ओवाळते, गोड बोलते. पण फळांच्या दिवसांत ती पाच वर्षांत या घरात आलेली नाही.

मृत्युपत्रासाठी वह्या चाळताना परवा १९५२ ची वही उघडली. फळे उतरवली त्याच दिवशीची नोंद आहे, अक्षर माझे आहे: 'आक्का म्हणाली, मोहन, तांबड्याला भुलू नगंस. देठापाशी हिरवं हाय अजून. अंजीर कवा आढीत घालत्यात व्हय? हे बी तसलंच दिसतंय. मी म्हणालो, कॉलेजात मी गेलो होतो की तू?'

म्हणजे तिने आधीच सांगितले होते. मी ते लिहून ठेवले आणि विसरलो. पुढच्या वर्षी तेच मला माझ्या निरीक्षणातून सुचले असे वाटले आणि त्यावर शेतीच्या मासिकात माझ्या नावाने लेखही दिला. हे विसरणे खरे होते की सोयीचे, हे मी दोन दिवस स्वतःला विचारतो आहे. उत्तर माझ्या बाजूने येत नाही.

कलम ५. फळे उतरवण्याची रीत. तांबडा रंग उन्हाचा असतो, त्यावर जाऊ नये. देठाजवळचा हिरवा रंग जाऊन सायीसारखा पिवळसर झाला पाहिजे. अंगठ्याने दाबून पाहू नये, डाग दुसऱ्या दिवशी दिसतो. फळ तळहातात घेऊन किंचित वर उचलावे व हलकेच फिरवावे. तयार असेल तर आपण होऊन हातात येते, नसेल तर त्याची माफी मागून सोडून द्यावे. शेंड्याची व उन्हाकडची आधी, आतल्या फांद्यांची नंतर, अशी तीन-चार वेळा तोडणी करावी. पाटीत गवत घालून एकच थर लावावा. यातले पहिले वाक्य आक्काचे आहे. बाकीचीही त्यातूनच निघाली.

कलम ६. (आज सकाळी वाढवलेले.) साक्षीसाठी इंदापूरचे फळांचे व्यापारी इमामभाई बागवान यांना बोलावले होते. कुशाबाईने मला न सांगता त्यांना सणसरवरून यायला लावले. त्यांच्या बैलगाडीतून आक्का उतरली. मी कलम चार उभ्याने वाचून दाखवले.

आक्का म्हणाली, "म्हंजी तू मेल्यावर झाड माझं? तवर मी सणसरलाच बसू?"

इमामभाई म्हणाले, "मास्तर, ह्यो माल बुधवारपतूर थांबायचा न्हाय. मयताची वाट बगत कुठलं फळ ऱ्हातंय?" (मी मास्तर नाही. हे त्यांना पंधरा वर्षे सांगतो आहे.)

आक्का म्हणाली, "आन त्या कागदावर अंगठा मी बी देनार."

मी म्हणालो, कायद्याने ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. दिली तर देणगी बुडते.

"मग काढ माझं नाव त्यातनं."

"मग झाड?"

"झाड आत्ताच दे की, शान्या!"

यात कायद्याची अडचण मला दिसली नाही. सबब कलम ४ मधील देणगी रद्द. कारणे मात्र तशीच राहावीत. झाड आज सकाळी नऊ वाजता आक्काच्या ताब्यात दिले. तिने शेंड्याची सतरा फळे उतरवून घेतली, एकाही फळाला अंगठा लावला नाही. आतल्या फांद्या पाहून ती म्हणाली, "ही धा दिसांनी. तवर दवाखान्यातनं ये. तुझ्याबिगर तोडायची न्हाय मी."

त्या तारखेस हजर राहण्याचा माझा पक्का इरादा आहे.

मुक्काम लासुर्णे, रविवार, दिनांक ५ मे १९५७.

सही: मोहन आबाजी रणवरे

साक्षीदार:
१. इमाम बागवान, इंदापूर. सही.
२. छबूबाई, सणसर. डाव्या हाताचा अंगठा. (ठसा दोनदा घेतला आहे. पहिला रसाने फिसकटला.)