हडपसरचं गेट

मंगळवार, संध्याकाळ. वारजे.

आज मी एक गेट बंद पाडलं. घरबसल्या, तेही हडपसरचं.

एक मोफत क्रिप्टोग्राफी लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरला कुलूपकिल्ली पुरवणारा तयार कोड, मूळ लेखकाने वाऱ्यावर सोडली, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिचा फोर्क काढला, म्हणजे स्वतःची प्रत करून सांभाळायला घेतली. माझ्याशिवाय ती कोणी वापरत नसेल, अशी समजूत. काल तिच्यातली कुलूप लावायची एक जुनी, कच्ची पद्धत काढून टाकली. आज दुपारी फोन.

"मी कुंजीर, हडपसरच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. आमचं गेट तुमच्या लायब्ररीवर चालतं म्हणे. रात्री आपोआप अपडेट झालं, सकाळपासून उघडत नाहीये."

"अहो, ती पद्धत कमजोर होती. कोणीही गेट उघडू शकलं असतं."

"आता कोणीच उघडू शकत नाही. याला सुरक्षा म्हणायचं का?"

पद्धत परत आणावी असं एकदा वाटलं. पण चोरालाही उघडणारं गेट जाणूनबुजून कसं देऊ? मग तासभर फोनवर सांगून त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज बदलून घेतली. शेवटी गेट सरकल्याचा आवाज आला, मागोमाग गाड्यांचे हॉर्न. एका गेटासाठी मला इतकं भरून का यावं?

"तुमच्याकडे या कामाला माणसं किती?" कुंजीरांनी विचारलं.

मी स्वयंपाकघरात पाहिलं. आई मेथी निवडत होती.

"दोघी आहोत," म्हटलं.