काकवीच्या पिंपाविषयी, शपथेवर

टॅनरी कॉर्नर, मेन राज्य
बुधवार

वडीलधारे मेहुणे जोथम यांस,

ओबेडचा आदरपूर्वक नमस्कार. तुमच्या गुडघ्याची ठणक कमी झाली असेल आणि राजधानीतल्या विधानसभेची बाकं तो सोसत असेल, अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण डॉर्कस खुशाल आहे. मी नाही. मंगळवारी माझा खटला आहे. शाईच्या डागांकडे दुर्लक्ष करावं.

गेल्या वर्षी पुराव्याचा कायदा बदलावा म्हणून मी जिल्हाभर भाषणं दिली, ते तुम्ही विसरला नसाल (तुम्ही विरोधात होता आणि मी भर सभेत तुम्हाला ‘गंजकं बिजागर’ म्हणालो, ते मनावर घेतलं नसेलच). ज्याच्या गळ्याशी फास, त्यालाच तोंड उघडायची बंदी. आरोपी खोटंच बोलणार असं धरून त्याला साक्षीला उभंच करायचं नाही, हा कसला न्याय? हे मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो. कायदा बदललाही; माझा आवाज तेवढा खाली आलाय.

झालं असं. शनिवार, म्हणजे घरोघर काकवी घालून शिजवलेली घेवड्याची हंडी. हवालदार टारबॉक्सच्या बायकोची काकवी संपली, म्हणून ती आमच्या कोठारात आली. पिंपावर ‘काकवी’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. सर्दीनं तिचं नाक बंद. ओबेडची काकवी भलतीच पातळ, असं म्हणून तिनं दुप्पट ओतली. रविवारी प्रार्थनेत सगळे खाली बसल्यावरही टारबॉक्स एकटाच गात उभा राहिला आणि शेवटी त्यानं पाद्रीबाबांना मिठी मारली. सोमवारी तो दारूबंदीच्या कायद्याखाली पिंप जप्त करायला कोठारात हजर. (रम घशासाठी होती. दर आठवड्याला दारूबंदीच्या बाजूनं तीन तास बोलून बघा, म्हणजे कळेल.)

वकील हायरम म्हणतात, जुन्या कायद्यात तू आरामात गप्प बसला असतास, कुणी विचारूच शकलं नसतं. मी म्हटलं, गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, असं नवा कायदाही मानतो. त्यांनी खिशातून माझं छापील भाषण काढलं.

“हे तूच घरोघर वाटलंस ना? निकाल देणारे पंच त्याच घरांतून येणार आहेत. पान सात वाच.”

पान सातवर होतं: निर्दोष माणूस कधी गप्प बसेल का?

गप्प बसलो तर गुन्हेगार, खरं बोललो तर कैदी. आणि बायबलवर हात ठेवून खोटं बोललो, तर पुढचा तुरुंग असा की त्याला मुदतच नाही. डॉर्कसला दया येईल म्हटलं, तर ती म्हणाली, “तुमच्या त्या भाषणाला टाळ्या वाजवून माझे तळहात सुजले होते. आता बोला की.”

तुमचा भेदरलेला,
ओबेड पिंकहॅम

ता. क. मंगळवारच्या आत हा कायदा रद्द करायचा ठराव मांडता येईल का? भाषण मी लिहून पाठवतो. गंजक्या बिजागरावरच दार टिकतं, असा त्यात एक फार चांगला परिच्छेद आहे.

आणखी एक. पिंपं दोन होती. दुसरं नोव्हेंबरपासून तुमच्या गोठ्यात, गवताखाली आहे. तुम्हाला सुखानं झोप लागावी म्हणून सांगितलं नव्हतं. किती पिंपं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. शपथेवर विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हे तुम्ही जाणताच. घाबरू नका. नव्या कायद्यानं तुम्हालाही बोलता येतं.