शाई दुसऱ्या दिवशी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध तपासताना मी मध्येच थांबले. तिनं आपल्या काकांच्या दुकानाच्या हिशेबावर लिहिलंय. शेरा मारायला पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. थकलेय म्हणा. हल्ली फार थकते. हे लिहिलेलं कुठं जाणार नाही हेही ठाऊक आहे.

मी एम.कॉम. करत होते, तेव्हाही अशीच थकलेली असायचे. दिवसा हिमायतनगरला ऑडिटरकडे नोकरी, संध्याकाळी आबिड्सला कॉलेज, आणि बसमध्ये उभ्या उभ्या पाठांतर. तेव्हा जो तो एकच सांगायचा, देश खुला होतोय, आता जुनं सगळं मोडीत निघणार. मलाही तो वारा लागला होता. लघुप्रबंधाला एखाद्या दुकानाचा हिशेब हवा होता आणि तुम्ही तर घरातच होतात, सुलतान बाजारच्या कापडदुकानात जन्मभर वह्या लिहीत आलेले.

रविवारी जेवणं झाली की तुम्ही सतरंजी टाकून मला समजावत बसता. दिवसाचा व्यवहार आधी पेन्सिलीनं, शाई दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून. दिवस निवल्याशिवाय शाई लावू नये, म्हणता. गिऱ्हाईक कापड परत आणतं, सेठ रागाच्या भरात कुणाच्याही नावावर काहीही टाकायला सांगतात. रात्र मध्ये गेली की माणसं ताळ्यावर येतात. किती खुशीत होतात तुम्ही. आजवर तुम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी मात्र इंग्रजीत लिहिलं की नोंदी पेन्सिलीच्या, त्याही एक दिवस उशिरा, भरवसा ठेवू नये अशा. ही पद्धत बंद करावी.

तुमचं शिक्षण उर्दूतलं, इंग्रजी येत नव्हतं. बांधून आलेली प्रत हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "माझ्याबद्दल काय लिहिलीस, वाचून दाखव की." मी पान उघडलं आणि तिथं जे नव्हतंच ते मराठीत वाचत गेले. फार शिस्तीचे, फार जपून लिहिणारे, असलं काय काय. तुमचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ती प्रत तुम्ही दुकानात न्यायला निघालात. मी अडवलं नाही, अडवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. सेठच्या मुलाला इंग्रजी येत होतं. महिन्याभरात दुकानात कॉम्प्युटर आला. "अब घर में आराम करो जी, बोलले सेठ," एवढंच सांगून तुम्ही पाय धुवायला गेलात. मला पहिला वर्ग मिळाला. पेढे तुम्हीच आणलेत.

शेवटच्या आजारपणात तुम्ही म्हणालात, ते पान वाच एकदा. मी वाचलं. पण आधी काय रचलं होतं ते आठवेना, म्हणून नवीनच वाक्यं जुळवली. दहा पैशांचा फरक ज्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही, ते तुम्ही डोळे मिटून सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "हौ, बरं लिहिलीस."

तुम्हाला कळलं होतं, अण्णा. तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं. आणि लाज वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं.