तौनोला दिसलेले पक्षी

२२ मार्च
मेल्याने पुन्हा बाजी मारली! दुकानाच्या फळ्यावर खडूने ठळक — "पहिला हंस : तौनो." समोरच्याच किनाऱ्यावर राहतो, तळंही तेच, मग दर वसंतात सगळे पक्षी याला माझ्याआधी कसे दिसतात? तळं अजून गोठलेलं. अख्ख्या फिनलंडमध्ये हंसाचा पत्ता नाही, याच्या दारात मात्र हजर!

२३ मार्च
स्कीवरून जाऊन बघून आले. लव्हाळ्यात अडकलेली पांढरी पिशवी. वाऱ्यावर मान मात्र छान हलवते.
फोन केला. "तौनो, तुझा हंस किराणा आणायला गेला होता वाटतं."
"जळू नकोस, आयली."

२ एप्रिल
चंडोल! आणि पहिला मला! तौनो दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "तिला ऐकू आला असेल. कान लांब आहेत तिचे." सगळे हसले. मीसुद्धा, नाइलाजाने.

९ एप्रिल
कॉफी उकळायच्या आत त्याचा फोन. "क्रौंच आला! तुझ्याच धक्क्यापाशी! पंख पसरून नाचत होता — एकदा तर पार आडवा झाला आणि पुन्हा उठला! असा नाच जन्मात बघितला नाही!"
मी फोन ठेवून दिला.
करडा कोट घालून पाणी आणायला मीच गेले होते. घसरले. दोनदा.
फळ्यावर "पहिला क्रौंच : तौनो." खोडायला सांगावं, तर कारण सांगावं लागेल. कंबर दुखतेय.

१६ एप्रिल
आज हद्द झाली. तौनोने शहरातल्या पक्षिमंडळाला परस्पर कळवलं — पेलिकन आलाय! गाडी भरून माणसं आली. दुर्बिणी, तिपाया, लोकरी टोप्या. अध्यक्ष लेहतोनेन कुजबुजत होते, "पिल्लू असावं. रंग मळका आहे." वाऱ्याने पंख वर गेला, सगळ्यांनी श्वास रोखला.
तेवढ्यात टपाल वाटणारी रैया टोपली घेऊन घरातून बाहेर आली. पेलिकन दोरीवरून काढला, घडी घातली, आत घेऊन गेली. नवऱ्याची लोकरी विजार!
हसून हसून पोट दुखलं. तौनो हसला नाही. हात खिशात घालून नुसता उभा होता.

२४ एप्रिल

ओढा तळ्याला मिळतो तिथलं बर्फ गेलंय. काळंभोर पाणी, लांबून दिसतं. तौनो सरळ तिकडेच चाललेला! मी धक्क्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडले. "थांब! पुढे पाणी आहे!"
"कुठे?"
दोन पावलांवर होतं.
पोटावर सरकत गेले, त्याला कोटाला धरून मागे आणलं. वाफेची सौना-खोली तापवली, गरम कॉफी पाजली. मग बोलला. "दोन वर्षं झाली, आयली. सगळं धुक्यातल्यासारखं दिसतं."
"आणि हे पक्षी?"
"काहीतरी हललं की मी पक्षी म्हणायचो. फळ्यावर नाव नाही लागलं, तर लोक म्हणतील म्हातारा संपला."
मला आठवलं मी त्या दिवशी किती हसले ते.

२८ एप्रिल
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, इथवर आलात कसे?"
"हिच्या गाडीतून. बरं झालं, रस्ता दिसत नव्हता."

३ मे
टिटव्या. मी सांगत गेले, तो ऐकत बसला. दर थोड्या वेळाने — "आता काय करतायत?" फळ्यावर दोघांची नावं लिहायला लावली. दुकानदारीण खडू हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. लिही म्हटलं!

११ मे
ऑपरेशन झालं. भूल उतरत असताना नर्सला क्रौंच म्हणाला.

१४ मे
पट्टी काल निघाली. आज तळं पूर्ण मोकळं — बदकं, कुरव, कलकलाट नुसता! तौनोचा फोन. "आयली, खिडकीत ये."
गेले. दुर्बीण लावली. समोर तोही दुर्बीण लावून उभा. डोक्यावरून क्रौंचांचा अख्खा थवा ओरडत गेला. त्याने मान वर केली नाही. दुर्बीण माझ्या खिडकीवरून हलेना.
मी पडदा ओढला नाही.