बीपी बघणं बंद आहे

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी
बांगडा तव्यावर टाकला आणि बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश, हातात ब्लड रिपोर्ट. म्हणे सिस्टर, फक्त एक नजर टाका. टाकली. बांगडा करपला. लेक रुचिरा म्हणते, आई, किती ओरडलीस त्यांच्यावर! मी ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे. चौतीस वर्षं पुरुषांचा वॉर्ड सांभाळला, तो काय कुजबुजून?
ऑगस्टअखेर रिटायर झाले. शाल-श्रीफळ घेतलं, हॉस्पिटल सुटलं. ही बिल्डिंग काही सुटेना. नाहूरला आल्यापासून सगळ्यांची बीपी, इंजेक्शनं, ड्रेसिंग, सगळं माझ्याच दारात. आणि वेळकाळ? मेल्यांनी कधी पाळली नाही.
आता बस्स. बंद म्हणजे बंद.

४ नोव्हेंबर
रिटायर्ड सिस्टर्सच्या ग्रुपवर ऑनलाइन लेक्चर होतं. ‘नर्सिंगची मूल्यं, थिअरी आणि ओळख’. बोलणारी मुलगी माझ्या रुचिराच्या वयाची. हिने बेडपॅन कधी उचललंय की नाही देव जाणे. पण दोन गोष्टी पटल्या. एक, बाउंड्री, म्हणजे नाही म्हणायला शिकायचं. दुसरी, सेल्फ-केअर थिअरी. पेशंटला जे जमू शकतं ते त्यालाच शिकवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. अगदी माझ्या मनातलं! बाजूला व्हायला मी एका पायावर तयार आहे.
शेवटी विचारलंन, युनिफॉर्म उतरवल्यावर तुम्ही कोण? हा काय प्रश्न झाला? मी चॅटमध्ये टाकलं, सिस्टर-इन-चार्ज. कोणी लाइक केलं नाही. नेट स्लो असणार.

५ नोव्हेंबर
दारावर बोर्ड लावला. ‘बीपी बघणं बंद आहे. इंजेक्शन बंद आहे. बेल वाजवू नये.’ रुचिराने वाचला, हसली, ऑफिसला गेली.
दिवसभर बेल वाजली नाही. झकास वाटलं. संध्याकाळी बाहेर जाऊन बेल एकदा दाबून बघितली. चालू आहे.

७ नोव्हेंबर
दुसऱ्या मजल्यावरच्या राधावहिनी बोर्ड लावल्यापासून त्याच्याखाली उभ्या राहून दार ठोठावतात. बेल वाजवली नाही ना, म्हणे. सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ त्यांचं इन्सुलिन मीच देते. त्यांना सुईची भीती.
म्हटलं, हीच वेळ. थिअरी लावू या. आजपासून तुमचं तुम्ही घ्यायचं. मोसंबी आणली, सिरिंज हातात दिली, आधी हिला टोचून बघा म्हटलं. आम्हीही असंच शिकलो होतो.
पहिल्या मोसंबीलाच वहिनींनी डोळे मिटले आणि सुई टेबलाला टोचली. मी शांतपणे समजावलं. समोरच्या फ्लॅटमधून विचारणा झाली, काय झालं, कोण पडलं का?

१० नोव्हेंबर
मोसंब्या संपल्या, वहिनी रडल्या. म्हणतात, तुम्हीच द्या ना हो सिस्टर, तुमचा हात हलका आहे. हात हलका आहेच. सगळा वॉर्ड सांगायचा.
दिलं इंजेक्शन, रोजच्यासारखंच. थिअरी चांगली आहे, पेशंट त्या लायकीचा पाहिजे.

१२ नोव्हेंबर
चौथ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलाय. सम्यक. मुलुंडच्या कुठल्याशा हॉस्पिटलात स्टाफ नर्स. गाव अकोल्याकडे. लिफ्टमध्ये दिसला. पोरसवदा, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यांना इमर्जन्सीत घाम फुटतो, असले किती तरी बघितलेत मी.
एका परीने बरं झालं. जाऊ देत सगळे त्याच्याकडे. माझी पीडा गेली.

१४ नोव्हेंबर
राधावहिनी सकाळी आल्या नाहीत. संध्याकाळीही नाहीत. शुगर वाढून पडल्या असतील तर? जिवाला घोर लागला. धावत वर गेले.
बाई मजेत टीव्ही बघत होत्या. म्हणाल्या, सम्यकने शिकवलं, एका बैठकीत जमलं, काही दुखत नाही हो! माझ्यासमोर पोटाची चिमूट धरून टोचून दाखवलं. टेक्निक बरोबर होतं. चूक शोधली, सापडली नाही.
शाबास म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, मग सहा वर्षं माझा जीव का खाल्लात? मी निघून आले. भयंकर राग आलाय. कोणाचा ते कळत नाही.

१५ नोव्हेंबर
बोर्ड काढला. वाऱ्याने खडखडत होता.

१७ नोव्हेंबर
बेल नाही. लिफ्टपाशी चंद्रप्रकाश भेटले. मी आपणहून विचारलं, कोलेस्टेरॉलचं काय झालं? म्हणे सम्यकने डाएट लिहून दिलंय. बांगडा करपवून मी काय दिलं होतं मग? विचारलंसुद्धा. ते लिफ्ट सोडून जिन्यानेच पळाले.
रुचिरा म्हणते, आई, तुला हेच पाहिजे होतं ना? हो. हेच पाहिजे होतं. कोण नाही म्हणतंय?

१९ नोव्हेंबर
ठरलं. उद्या त्या मुलाचं काम एकदा तपासून यायचं. राग म्हणून नाही. सिनिअरची जबाबदारी म्हणून. चुका सगळ्यांदेखत दाखवायच्या, म्हणजे कायमचं लक्षात राहतं. माझी शिकवायची पद्धत हीच.

२० नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी
चार जिने चढून गेले. मुद्दाम. म्हातारी झाले नाही अजून.
दाराबाहेर ही चपलांची रास. आत राधावहिनी आणि आणखी चार-पाच जणी. सम्यकने मला बघितलं आणि पटकन खुर्ची पुढे केली. म्हणाला, मावशी, धापा टाकताय, आधी बसा. पाच मिनिटं काही बोलू दिलं नाही. मग दंडाला पट्टा बांधला. मी सांगायला तोंड उघडलं, अरे, मी कोण आहे माहितेय का? तर म्हणाला, शूऽऽ, मोजताना बोलायचं नाही, रीडिंग चुकतं.
बरोबर होतं त्याचं. मी स्वतः हेच सांगून सांगून घसा फोडलाय.
एकशे ऐंशी. त्याने दुसऱ्या हाताला परत मोजलं. तेच. हात तसाच धरून ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, मावशी, याआधी कोणी बघितलं होतं का तुमचं?
सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीनेही सांगितलं नाही की ही आमची सिस्टर. राधावहिनी तर पदराने वारा घालत होत्या मला.
आठवून बघितलं. अख्ख्या बिल्डिंगचं मी बघितलं. माझं कोणी नाही.
नाही रे बाळा, म्हटलं. पहिल्यांदाच.